पाचवं काडतूस

१

बुधवारी दुपारी मी व्हरांड्यात बसून काडतुसांच्या बुडांना लाल नेलपॉलिश लावत होते. पा, माझे वडील, समोर बसून कॉफीत रस्क बुडवत होते.

नेलपॉलिश आईचं. म्हणजे आईच्या रंगाचं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मुसिनाला बाजाराला गेले की पा त्याच रंगाची बाटली घेऊन यायचे. दुकानातली मुलगी आमच्याकडच्या रीतीने ऊम, म्हणजे काका, म्हणून दर वर्षी विचारायची, "ऊम गिडिऑन, कुणासाठी?" आणि पा दर वर्षी सांगायचे, "रानरेड्यांसाठी."

खोटं नव्हतं ते. रानरेड्यासाठी पा दोन प्रकारच्या गोळ्या बाळगायचे. मऊ गोळी म्हणजे तांब्याच्या पत्र्यात भरलेलं शिसं. ती आत शिरली की फुलते, रुंद जखम करते आणि बहुतेक वेळा पलीकडच्या कातड्याखाली थांबते. भरीव गोळी सबंध पितळेची. ती फुलत नाही, वाकत नाही, हाड फोडून सरळ पुढे जाते. पट्ट्यात खोचल्यावर वरून फक्त बुडं दिसतात आणि ती सारखीच, म्हणून भरीव काडतुसाच्या बुडाला लाल ठिपका. उजवीकडे पाच भरीव, डावीकडे पाच मऊ. पट्टा मी सात वर्षांची असल्यापासून भरत होते. पोलोक्वानेला कॉलेजात शिकवायला लागल्यावरही सुट्टीत घरी आले की भरायचे. रायफल मात्र पा स्वतः भरायचे. ती त्यांनी कधी कुणाला भरू दिली नाही. आईलासुद्धा नाही.

पाचव्या काडतुसावर थेंब जास्त पडला आणि ओघळून पितळेच्या कडेवर आला. पांनी ते उचललं, लांब धरलं, मग जवळ आणलं.

"ही नवरी," ते म्हणाले. "घाईघाईत नटलेली. लिपस्टिक ओठाबाहेर गेली."

"पुसू का?"

"राहू दे. वरातीला कोण बघतंय?"

लांब धरायचं, जवळ आणायचं, हे मी दोन दिवस पाहत होते. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "पडदा वाढतोय डोळ्यांत. ऑक्टोबरात ऑपरेशन. ऑक्टोबरातच म्झामानीची परीक्षा. तो पास झाला की माझी रायफल खुंटीला."

म्झामानी चाउके बावीस वर्षं पांच्या पुढे चालून माग काढत होता. आमच्या भागात माग काढणाऱ्याने शिकाऱ्याचा परवाना मिळवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. त्याच्या अर्जावर शिफारस पांची होती.

"तू येशील परीक्षेला?"

"बघते," मी म्हणाले, आणि पोलोक्वानेहून आणलेले कातडी हातमोजे त्यांच्यापुढे ठेवले. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; पहाटेची उघडी गाडी. त्यांची बोटं दर वर्षी भेगाळायची. त्यांनी मोजे चढवले, उतरवलेच नाहीत. मोजे घालूनच उरलेली कॉफी प्यायले.

तेवढ्यात वेसल आला. वेसल ख्रोबलर, सव्वीस वर्षांचा, परवाना मिळून दोन वर्षं झालेली. पांच्या हाताखालीच शिकला आणि आता त्यांच्याशीच वाद घालायचा.

"ऊम, पिख्लरना मऊच दिल्यात ना तुम्ही?"

पिख्लर आमचे पाहुणे, ऑस्ट्रियाहून पैसे भरून शिकारीला आलेले. त्यांची रायफल विमानातून आली, काडतुसांची पेटी मागे राहिली. नळीचं माप पांच्या रायफलीचंच होतं, म्हणून पांनी आपल्यातली पाच मऊ काडतुसं त्यांना दिली होती.

"मऊच."

"काल त्यांचा नेम बघितलात? रेड्याच्या खांद्याचं हाड लागलं तर मऊ गोळी तिथेच बसेल. एकदा भरीव मारू दे त्यांना. रेडा उघडू आणि बघू कुठवर जाते."

"कुठवर जाते ते मला माहीत आहे," पा म्हणाले. "पलीकडे कोण उभं आहे ते तुला माहीत आहे का? कळपात ज्याला मारायचंय त्याच्यातच गोळी थांबली पाहिजे. मागावर दाटीत गेलो, समोरून आला, मग भरीव. म्हणून ती माझ्याकडे."

"ही जुन्या लोकांची भीती आहे, ऊम."

"आहेच. म्हणून तर जुने झालो." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "या बाईला विचार. शिकलेली आहे. पदवी घेताना हिच्या सरांनी विचारलं, वडील काय करतात? म्हणाली, शेतकरी आहेत. मी मागेच उभा. टाय बांधून!"

"पा, तेरा वर्षं झाली त्याला."

"मी कुठे रागावलोय? पीक काढतोच की. शिंगांचं."

वेसल खो खो हसला. मीही हसले. तेरा वर्षांपूर्वी मी त्यावर काही बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही. पट्टा भरला, जेवणघराच्या खुंटीला अडकवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रेडिओवर म्झामानीचा आवाज आला. "सेसी," तो म्हणाला. बहिणीला हाक मारावी तशी तो मला हाक मारायचा. "सेसी, ये."

कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही.

२

सोमवारी वनखात्याच्या त्साकानी माबुंडा आल्या. नकळत पांच्या खुर्चीत बसल्या, माझा चेहरा पाहून उठल्या आणि दुसरी ओढून घेतली. पन्नाशीच्या, जाड चष्मा, हातात स्वतःच्या चहाचा थर्मास.

"जे झालं ते मी एकदा सांगते," त्या म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा."

कळप मोपानीच्या झाडीच्या कडेला चरत होता. पिख्लरनी सत्तर पावलांवरून रेड्यावर एकच गोळी झाडली. कळप उधळला. पांनी नेहमीसारखा अर्धा तास जाऊ दिला आणि मग ते मागावर निघाले. रेडा दोनशे पावलांवर मरून पडलेला सापडला. पा, पिख्लर आणि म्झामानी त्याच्यापाशी उभे असताना बाजूच्या दाट झुडपातून एक रानम्हैस अंगावर आली. पांनी पिख्लरना वारुळामागे ढकललं आणि एक गोळी झाडली. ती म्हशीच्या कपाळात लागली. म्हैस थांबली नाही. गाडीपाशी राहिलेला वेसल धावत आला आणि त्याने तिला पाडलं. त्याची रायफल मोठ्या नळीची, तिच्या गोळीची ओळख पटायला वेळ लागला नाही. पण तोवर पा गेले होते.

माबुंडाबाईंनी टेबलावर एक कागदाची पुडी उलगडली. आत फुललेलं, कडा दुमडलेलं शिसं होतं.

"म्हशीच्या कपाळाच्या हाडावर सापडली. मऊ गोळी. भरीव असती तर?"

"मेंदूपर्यंत गेली असती."

"आणि तुमचे वडील?"

मी पुडी मिटून त्यांच्याकडे सरकवली. त्या पुढे बोलत राहिल्या.

"म्हणजे प्रश्न एकच. भरीवच्या जागी मऊ काडतूस रायफलीत कुणी घातलं? वेसल ख्रोबलर म्हणतात, कधी कधी म्झामानी भरतो. म्झामानीला विचारलं, तर म्हणाला, हो, त्या दिवशी मीच भरली. सही केलीय त्याने."

"पा कुणाला भरू द्यायचे नाहीत."

"ते तुम्ही म्हणता. तो म्हणतो, भरली." त्यांनी चष्मा पुसला. "शुक्रवारी सुनावणी आहे. तोवर कबुली अशीच राहिली तर परीक्षेच्या यादीतून त्याचं नाव कायमचं जाईल. आणि मला ते आवडणार नाही, कारण त्याचा अर्ज मी वाचलाय."

पांची रायफल आणि पट्टा त्यांनी सोबत आणला होता. रायफलीत चार काडतुसं मावायची. एक झाडलेलं, तीन शिल्लक. तिन्हींच्या बुडाला लाल. पट्ट्यात डावीकडे पाच मऊ जागच्या जागी. उजवीकडे एक उरलेलं, लाल. मी चारही लाल बुडं उजेडात धरली. ठिपके नीट, गोल.

"मी पाच रंगवली होती," मी म्हणाले. "पाचव्याचा रंग कडेवर ओघळला होता. ते यात नाही."

"म्हणजे एका भरीवच्या जागी पट्ट्यात मऊ आलं. पट्टा भरला कुणी?"

"मी."

मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "ते पाचवं शोधा, मिस फूरी. आठवणीवर मला काही लिहिता येत नाही. वस्तू आणा."

त्या गेल्यावर मी व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून फळ्यांच्या फटी पाहिल्या. काडतुसं उभी करायचा लाकडी ठोकळा उलटा केला. रस्कचा डबा रिकामा केला. नवरी कुठेच नव्हती. बोलण्याच्या नादात मी ते बाजूला ठेवून त्याच्या जागी मऊ खोचलं असेल का? त्या क्षणी मला नाही म्हणता आलं नाही.

आणि तरीही एक गोष्ट मला नक्की ठाऊक होती. म्झामानी खोटं बोलत होता.

३

तो गावात, आईच्या घरी होता. अंगणात मोपानीचा ओंडका फोडत होता. मला पाहूनही कुऱ्हाड थांबली नाही.

"म्झामानी, रायफल तू भरलीस?"

"सही केलीय."

"मी ते विचारलं नाही."

"मग तेच विचार, सेसी. उत्तर तेच."

"कशी भरलीस सांग. पहिलं काडतूस नळीत की रायफलीच्या पेटीत?"

कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहिली. पांच्या रायफलीची काडतुसं कुठल्या क्रमाने जातात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तो कुऱ्हाडीचा दांडाच हलवत राहिला. खोटं त्याला जमतच नव्हतं. जनावराच्या पावलाला तो जसं नाव द्यायचा, तसंच माणसालाही द्यायचा; उगाच दुसरं नाव द्यायची सवय नव्हती.

"पांनी स्वतः भरली ना?"

"पहाटे. गाडी निघायच्या आधी." तो ओंडक्यावर बसला. "नवे मोजे घालून. मी म्हटलं, तातना, मोजे काढा, टोक हाताला लागू दे. तर म्हणाले, पट्टा एल्सबेने भरलाय, टोक कशाला चाचपायचं?"

मला बसायला काही नव्हतं. मी उभीच राहिले.

त्याने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात पुंगळी होती, पांनी झाडलेल्या काडतुसाची. बूड कोरं, पिवळं. लाल रंगाचा मागमूस नाही.

"गवतातून मीच उचलली. कुणी बघायच्या आत." तो जमिनीकडे पाहत होता. "पट्टा तू भरला होतास, सेसी. तुझ्या हातून चुकलं असेल तर ते तुला कळून काय होणार होतं? तातना परत येणार होते? मला परवाना नाही मिळाला तर मी माग काढेन. ते मला येतं."

"तू माझ्यासाठी सही केलीस?"

"तू असशील नाही तर म्हातारा असेल. दोघांपैकी एकाचं नाव खराब होणार होतं. माझं नाव अजून कुणाला माहीतच नाही."

घरातून त्याची आई बाहेर आली. न्यानिसी, सगळ्या गावाची कोकवाना, म्हणजे आजी, पाठीत वाकलेली, कमरेला चुलीचं फडकं. तिने आमचं सगळं ऐकलं होतं; ते लपवायचा तिचा विचारही नव्हता.

"मूर्ख आहे हा," ती मला म्हणाली. "बाप गेला तेव्हापासून मूर्ख आहे. तुझ्या बापाने त्याला जरा शहाणा केला होता, तेवढ्यात तोही गेला. ऊठ रे, तिला बसू दे."

तिने माझ्या हातात पत्र्याची लहान डबी दिली. "म्हशीचं मांस गावाला आलं. माणूस मारलेलं जनावर, आम्ही तोंडात घालणार नव्हतो. पण म्झामानी म्हणाला, तातना मांस फुकट घालवू द्यायचे नाहीत. मग शिजवलं. माझ्या वाट्याला खुब्याचं हाड. शिजून सुटलं आणि हे भांड्यात खणकन वाजलं. माझा उरलेला दात जाता जाता वाचला."

डबीत पितळेची गोळी होती. भरीव. टोक जसंच्या तसं, अंगावर फक्त नळीतल्या खाचांचे तिरके ओरखडे. पुन्हा वापरता येईल इतकी धड.

मी ती पांच्या पुंगळीच्या तोंडाशी धरली. बरोबर बसली. वेसलची असती तर या तोंडात शिरलीच नसती.

"म्झामानी, पांनी किती गोळ्या झाडल्या?"

"एकच. कपाळात."

"आणि ही खुब्यात आहे. मागून, बाजूने." मी त्याच्याकडे पाहिलं. "या नळीची दुसरी रायफल त्या रानात एकच होती."

"पण पाहुण्यांनी म्हशीवर गोळी झाडलीच नाही," म्झामानी म्हणाला. "मी बाजूला उभा होतो. एकच गोळी, रेड्यावर..."

तो बोलता बोलता थांबला. मग उठून त्याने अंगणातल्या धुळीत बोटाने दोन रेघा ओढल्या. एक रेडा. त्याच्या पलीकडे, जरा मागे, दुसरी.

"तिथे होती," तो हळू आवाजात म्हणाला. "धूळ उडाली, मला दिसली नाही. मागावर रक्त होतं, ते मी रेड्याचंच समजलो. सेसी, ती उगाच नाही आली अंगावर. ती अर्धा तास दुखत बसली होती तिथे."

४

पिख्लर सुनावणीसाठी थांबले होते. ते तंबूबाहेर बसले होते आणि त्यांच्यापुढचा चहा केव्हाच गार झाला होता. मला पाहून ते उठले आणि उभेच राहिले.

"तुमच्या वडिलांनी मला ढकललं," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी. आधी मला ढकललं आणि मग रायफल खांद्याला लावली. उलट केलं असतं तर... मी रोज तोच हिशेब करतो."

"मला एकच विचारायचंय. पांनी तुम्हाला किती काडतुसं दिली?"

"पाच मऊ. एक झाडलं, चार परत केली. मॅडमनी मोजून घेतली."

आकडा जुळत होता. कुणीतरी तो जुळेल अशी काळजी घेतली होती.

"रेड्यात तुमची गोळी सापडली का? कातड्याखालची गोळी पाहुण्यांना द्यायची इथली पद्धत आहे."

"नाही सापडली. दोन भोकं होती, या बाजूने आणि त्या बाजूने. म्हणून मी दुसरं काहीतरी ठेवलं. आता मला ते नकोसं झालंय, पण फेकवतही नाही." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती उलटी केली. बुडाला लाल रंग. गोल नव्हे, एका बाजूने कडेवर ओघळलेला.

घाईघाईत नटलेली.

मी अंगठ्याने तो ओघळ दोनदा घासला. पिख्लर घाबरून म्हणाले, "काय झालं? तो रंग आधीपासूनच होता."

"मला माहीत आहे. मीच लावला होता. हे काडतूस तुम्हाला कुणी दिलं?"

"गिडिऑननी. म्हणजे पाठवलं. बुधवारी रात्री जेवणानंतर वेसल घेऊन आला. म्हणाला, ऊम गिडिऑननी हे खास पाठवलंय, पहिलं हेच घाला, आणि त्याच्या बदल्यात एक परत द्या." ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. "त्यांनी पाठवलं नव्हतं का?"

५

वेसल काडतुसं भरायच्या खोलीत होता. तराजू, साचे, दारूचे डबे सगळं पांनी ठेवलं तसंच होतं. तो पितळ पुसत होता. एकच पुंगळी, पुन्हा पुन्हा.

मी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. पांची कोरी पुंगळी. कोकवानाच्या भांड्यातली गोळी. नवरी.

त्याने पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"मला फक्त रेडा उघडून त्यांना दाखवायचा होता," शेवटी तो म्हणाला. "एकदा तरी. ऊम, बघा, दोन्ही खांदे फोडून गेली, आणि रेडा जागच्या जागी पडला. एवढंच."

"पट्ट्यात रिकामी जागा दिसली असती."

"म्हणून पिख्लरचं मऊ तिथे खोचलं. सकाळी तिथे पुन्हा भरीव लावणार होतो, खोलीत अजून होती. पण ऊम लवकर उठले. मी कॉफी घेऊन आलो तोवर रायफल भरून झाली होती. पिख्लरसमोर कसं सांगायचं? म्हटलं, तीन भरीव आहेत की. एक मऊ सगळ्यात खाली गेलं असेल. लागणार कुणाला?"

"सगळ्यात वर होतं."

"हो." त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. "हो."

बाहेर गिनीकोंबड्या ओरडत होत्या. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं, आणि ओरडायला येतच नव्हतं. आमच्या घरात कुणालाच ते यायचं नाही.

"म्झामानीचं नाव का घेतलंस?"

"बाईंनी विचारलं, दुसरं कुणी भरतं का? मी म्हणालो, कधी कधी. तोंडातून निघून गेलं. आणि मग त्याने कबूलच केलं. मला वाटलं, देवानेच वाट काढली."

"देवाने नाही. त्याने माझ्यासाठी काढली. त्याला वाटलं, चूक माझी आहे. मलाही चार दिवस तसंच वाटलं, वेसल."



मी वस्तू पुन्हा रुमालात बांधल्या. "हे सगळं मी माबुंडाबाईंकडे देणार आहे. पण शुक्रवारी सकाळी. आज गुरुवार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पांनी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं ते आठव. मलाही तेच शिकवलं होतं. मी बारा वर्षांची होते, माझ्या हातून एक इम्पाला हरिणी जखमी झाली. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिच्या मागावर होतो आणि मी रडत होते. ते म्हणाले, रड, पण चाल. ज्याने जखमी केलं त्यानेच मागावर जायचं."

दारापाशी पोहोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "तू त्यानंतर कधीच शिकार केली नाहीस. ऊम सांगायचे."

"काय सांगायचे?"

"की माझी मुलगी एकदाच गेली, पण पूर्ण गेली. तसं मला अजून जमलं नाही म्हणायचे."

मला हे ठाऊक नव्हतं. मी पायऱ्या उतरले आणि गाडीत बसून राहिले. 

६

सुनावणी वनखात्याच्या कचेरीतल्या लांबट खोलीत होती. छतावर एक पंखा, जुलै असूनही चालू. बटण बिघडलं होतं म्हणे. म्झामानी इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा. कोकवाना सगळ्यात पुढच्या खुर्चीत. पिख्लर मागे. वेसलची खुर्ची रिकामी.

माबुंडाबाईंनी घड्याळ पाहिलं. मी रुमालाच्या गाठीवर हात ठेवला.

दार उघडलं आणि वेसल आत आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. खुर्चीकडे गेलाच नाही. सरळ टेबलापाशी आला, आपल्या परवान्याचं कार्ड बाईंपुढे ठेवलं आणि म्हणाला, "आधी मी बोलतो."

तो बोलला. कुठे थांबला, कुठे अडखळला, पण काही गाळलं नाही. शेवटी म्झामानीकडे वळून म्हणाला, "तुझ्याकडे बघायची मला लाज वाटते. तरी बघतोय."

म्झामानीने मान हलवली. एवढीच.

मग मी रुमाल उघडला. माबुंडाबाईंनी नवरीचं बूड चष्मा वर करून पाहिलं, मग गोळी, मग कोरी पुंगळी. सगळं एकेका पाकिटात घातलं. वेसलचं कार्ड त्यांनी खणात ठेवलं. पुढे कायद्याने जे होईल ते होईल, आणि आज स्वतः येऊन बोलला हेही त्यात लिहिलं जाईल, असं त्या म्हणाल्या. मग म्झामानीला पुढे बोलावलं.

"तुम्ही सरकारी कागदावर खोटी सही केलीत. आता मी तुमचं काय करू?"

"दोन थोबाडीत द्या," कोकवाना म्हणाली. "मी धरते त्याला."

खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. त्या हसण्यात माझाही आवाज होता, हे मला उशिरा कळलं.

"ते आईकडेच राहू दे." बाईंनी कबुलीचा कागद मधोमध फाडला. "पण एक अडचण आहे. परीक्षेच्या अर्जावर शिफारस गिडिऑन फूरींची आहे. नियमाप्रमाणे शिफारस करणारा परीक्षेच्या दिवशी हजर लागतो. नवी सही आज मिळाली नाही तर यंदाची यादी बंद होते. आणि कुणाचीही चालणार नाही. शिकारीशी संबंध असलेलं माणूस पाहिजे."

म्झामानी माझ्याकडे पाहत नव्हता. मुद्दाम, खिडकीबाहेर पाहत होता. मागायची त्याची पद्धतच नव्हती.

"मी करते सही," मी म्हणाले. "ऑक्टोबरात मी हजर राहीन."

"तुम्ही कॉलेजात शिकवता ना?" बाईंनी नवा अर्ज ओढला आणि पेन उघडलं. "नाव, एल्सबे फूरी. पत्ता आहे माझ्याकडे. उमेदवाराला किती वर्षं ओळखता?"

"बावीस."

"शिकारीशी तुमचा संबंध काय लिहू?"

मी तोंड उघडलं. तेरा वर्षांपूर्वीचं ते सभागृह डोळ्यांपुढे आलं. सरांचा हसरा चेहरा, आणि माझ्या मागे, टाय बांधून उभं असलेलं कुणीतरी. मी काहीतरी पुटपुटले.

"जरा मोठ्याने," माबुंडाबाई म्हणाल्या. "पंख्याचा आवाज होतोय."

"माझे वडील शिकारी होते," मी म्हणाले. "मी शिकाऱ्याची मुलगी आहे."